दुसरी वेलांटी

३ तारीख, सोमवार
दुकानातून

चि. गुंज,

कारणाशिवाय पत्र लिहायची मला सवय नाही, तेव्हा कारण आधी. तुझ्या आईच्या घशाचं एक किरकोळ ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टर म्हणतात, लवकर उरकून टाका. ती म्हणते, गुंज आल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, शेजारच्या शिंपीणबाईंनीही समजावलं. तुझ्या आईचा स्वभाव तुला ठाऊक आहे. ती भांडत नाही, फक्त जागची हलत नाही. तेव्हा थोडी रजा काढून ये. एवढंच काम आहे.

तुझा फोन लागत नाही. जंगलात टॉवर नाही हे मान्य. पण सामान न्यायला तू गावात येतेस तेव्हा तरी लागायला हवा. तेव्हा तो लागतो आणि कुणी उचलत नाही, ही माझी माहिती आहे.

तुझं मागचं पत्र मी परत पाठवलं म्हणून तू रागावली आहेस, असं तुझी आई म्हणते. मी ते परत पाठवलं नाही, तपासून पाठवलं. दोन्हींत फरक आहे. माझ्याकडे आलेला वजनकाटा मी दुरुस्त केल्याशिवाय कधी कुणाला परत दिलेला नाही, मग तो ओळखीच्या माणसाचा असो की परक्याचा. ओळखीच्या माणसाचा असेल तर जरा जास्तच लक्ष देतो. यात राग यावा असं काय आहे, ते मला कुणी अजून सांगितलेलं नाही.

दुकान ठीक चाललं आहे. भाजीवाल्यांनी आता लाल आकड्यांचे काटे घेतले. ते बिघडले की फेकून देतात आणि नवे आणतात. सोनार मात्र अजून माझ्याकडेच येतात.

उत्तर लगेच दे.

— बाबा

ता. क. पाकिटावर तुमच्या कॅम्पचं नाव तू लिहायचीस तसंच लिहिलं आहे. त्यात एक काना जास्त आहे, पण पोस्टमनला आता त्याचीच सवय झाली असेल.


१६ तारीख, रविवार
नदीच्या धक्क्यावरून

चि. गुंज,

बसला अजून वेळ आहे. तुझा नाववाला समोर इंजिन उघडून बसलाय. मघाशी म्हणाला, "काका, लिहून झालं की द्या. संध्याकाळच्या फेरीला पोचवतो." वर म्हणाला, "लाल पेनानं नाही ना लिहिलंत? आमच्याकडे तुमचं लाल पेन फार प्रसिद्ध आहे." इंजिनाचे स्क्रू तो एका ताटलीत ओळीने मांडतो, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. हे मी पाहिलं, एवढंच सांगतो.

तुला वाटलं असेल, मी तुला पकडून न्यायला आलो होतो. मी रीतसर पैसे भरून आलो. 'एक रात्र जंगलात, जाणकार गाइडसह' असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं आहे. जाणकार गाइड म्हणजे तूच ना, हे ऑफिसातल्या बाईंकडून आधी पक्कं करून घेतलं. नावाच्या जागी त्यांनी 'काटेवाले' लिहिलं. गावात मला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही, तेव्हा त्यात फसवणूक नव्हती.

निघताना तुझी आई दारापर्यंत आली. म्हणाली, "तिथे कुणाच्या चुका काढू नका. तोंड मिटून राहा आणि तिला घेऊन या." मी हो म्हणालो होतो.

धक्क्यावर तू हातात यादी घेऊन उभी होतीस. वाळली आहेस, पण उभी राहतेस ती अजून तशीच, एका पायावर भार टाकून. तू यादी वाचलीस, वर पाहिलंस, पुन्हा यादी वाचलीस. मग सगळ्यांना सांगितलंस, "नमस्कार. मी तुमची गाइड." माझ्यासमोर येऊन म्हणालीस, "काका, जॅकेटचा पट्टा घट्ट करा."

दुकानात मला सोनार काका म्हणतात, पोलीस काका म्हणतात, माझ्याहून म्हातारे लोकही काका म्हणतात. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. त्या पट्ट्याचं बक्कल मात्र मला कितीतरी वेळ लागेना. इतकी वर्षं तोळ्या-माशाची कामं केलेली ही बोटं. शेवटी तुझ्या नाववाल्याने लावून दिलं.

माझ्याबरोबरची मंडळी बरी होती. त्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, आणि ते नवं जोडपं, जे श्वास घ्यायला थांबल्यासारखं अधूनमधून बिस्किटं खायचं थांबत होतं. नदी चहासारखी गढूळ. दोन्ही काठांवर झाडं इतकी दाट, की पाण्यात उतरायला जागा नाही म्हणून वर वर चढत गेल्यासारखी. मगरी मी पाहिल्या. वानरं पाहिली. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळ तुझ्या पाठीकडे पाहत होतो.

वळणावर तू नाव थांबवलीस. उंच खोडात एक फट होती आणि फटीत चोचीचं टोक. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो, असं तू सांगितलंस. भरवतो म्हणताना तुझी बोटं जुळतात, थेट तुझ्या आईसारखी. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "आणि नर परत आलाच नाही तर?"

"मग आतले सगळे संपतात," तू म्हणालीस.

मी तोंड उघडणार नव्हतो. घरी हो म्हणून आलो होतो. पण चूक ती चूक. जंगलाचं एक जुनं पुस्तक मी तू इथे नोकरीला लागलीस तेव्हाच रद्दीतून आणलं होतं, ते मला जवळपास पाठ आहे. मी म्हणालो, "सगळेच संपतात असं नाही. मादी आतून दार फोडू शकते. ती स्वतःला कोंडून घेते. तिला कुणी कोंडलेलं नसतं."

बिस्किटं थांबली. तू माझ्याकडे वळून पाहिलंस, धक्क्यानंतर पहिल्यांदाच.

"काका बरोबर सांगतायत," तू म्हणालीस. "आतून फोडता येतं. त्रास होतो, पण येतं. आणि एकदा बाहेर पडल्यावर त्या ढोलीत कोण कशाला परत जाईल?"

नाववाला एकदम इंजिनाची दोरी ओढू लागला. जोडप्यातली ती मुलगी म्हणाली, "अय्या, किती छान." काय छान ते तिचं तिला ठाऊक.

तुझं दुसरं वाक्य तपासायला हवं होतं. पण मी बोललो नाही. याची नोंद घे.

संध्याकाळी तू आम्हाला पायी नेलंस. पुढे तू, मागे एका रांगेत आम्ही, बोलायचं नाही. "पुढून मी 'मागचा?' असं विचारीन. जो सगळ्यांत मागे असेल त्याने 'आहे' म्हणायचं. तेवढंच," तू सांगितलंस. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे हजेरी." तू हसलीस. मला बऱ्याच काळाने तुझं हसणं दिसलं आणि तेही बाईंच्या वाट्याचं.

मी सगळ्यांत मागे राहिलो, कारण मागच्याशी तुला बोलावंच लागणार होतं.

उजेड उतरत होता. पानांवरून पाणी गळत होतं. तुझा आवाज यायचा, "मागचा?" मी म्हणायचो, "आहे." पुन्हा थोडं चालणं, पुन्हा "मागचा?", "आहे." तू माझ्याशी बोलणं सोडल्यापासून आपल्या दोघांत एवढं लांब संभाषण झालेलं नाही. आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

एकदा तू विचारलंस तेव्हा मी पोटरीवरची जळू काढत होतो, म्हणून उत्तर राहिलं. तू पुन्हा विचारलंस, "मागचा?" मग तिसऱ्यांदा तू "मागचा" म्हणाली नाहीस. "बाबा?" म्हणालीस. आणि सगळी रांग ओलांडत धावत आलीस. मी उभाच होतो. माझ्या तोंडावर टॉर्च मारून तू म्हणालीस, "असं करायचं नाही इथे. कळलं? इथे असले खेळ नसतात."

मी म्हणालो, "तुझ्या आईचं ऑपरेशन आहे."

"वाचलं."

"उत्तर दिलं नाहीस."

"तुम्ही दिलंत?" तुझा आवाज हळू होता, पण टॉर्च तू माझ्या तोंडावरून हटवली नाहीस. "इतक्या धीरानं लिहिलं होतं मी. कुणाशी लग्न करायचंय, का करायचंय, सगळं. आशीर्वाद मागितला होता. तुम्ही वेलांटी पाठवलीत."

पुढे मंडळी माना वळवून उभी.

"आई कशी आहे? खरं सांगा. किरकोळच आहे ना?"

मी म्हणालो, "लिहिलंय ना तसं."

"मग हंगाम संपला की येते," तू म्हणालीस आणि पुढे गेलीस. जाताना मला मुख्याध्यापिकाबाईंच्या पुढे, मधे घातलंस. मग "मागचा?" ला त्या "आहे" म्हणू लागल्या, वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात.

रात्री मच्छरदाणीत पडून मी तुझी ती आशीर्वादाची आणि वेलांटीची दोन वाक्यं उलटीसुलटी करत होतो. सकाळी तू दुसऱ्या गटाला घेऊन गेलीस, असं सांगण्यात आलं. धक्क्यावर आम्हाला नाववाल्याने सोडलं.

बस दिसली. बाकीचं घरून लिहितो.

— बाबा


१९ तारीख, बुधवार
घरून

चि. गुंज,

जळू नव्हती.

पोटरीवर काहीही नव्हतं. तुझा आवाज ऐकला होता आणि मुद्दाम गप्प राहिलो होतो. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला यानंतर जरा सोपं जाईल असं वाटतं.

'किरकोळ' हा शब्द चुकीचा आहे. तो मी लिहिला. पहिल्या कच्च्या कागदावर दुसरा शब्द होता, तो खोडून हा घातला. तुझ्या आईच्या घशात गाठ आहे आणि ती वाईट आहे. डॉक्टर तिचा आवाजाचा अवयवच काढणार आहेत. त्यानंतर ती जगेल असं ते म्हणतात, पण बोलू शकणार नाही. कधीच नाही. उशीर केला तर गाठ पुढे सरकेल आणि मग कापण्यात अर्थ उरणार नाही. म्हणजे थांबताही येत नाही. आणि ती थांबली आहे, कारण तिला एकदा, जो काही आवाज उरलाय त्याने, तुझ्याशी समोर बसून बोलायचं आहे. "फोनवर नको," म्हणते. "हा घोगरा आवाज ऐकून पोरीला वाटेल, कुणी दुसरीच बाई बोलतेय. तोंड दिसलं पाहिजे."

हे मी तिथे, त्या टॉर्चच्या उजेडात सांगायला हवं होतं. तू सरळ विचारलं होतंस. जन्मभर लोकांच्या चुका न विचारता काढल्या आणि तू जी एक चूक विचारून काढायला सांगितलीस ती मी तशीच जाऊ दिली. मी बोललो असतो तर त्या बिस्किटवाल्यांसमोर रडलो असतो. एवढंच कारण. धनेशाबद्दल बोलताना रडू येत नाही.

आता पुढचं. मी घरी आलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. तिने नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "येते म्हणाली."

तू तसं म्हणाली होतीसच. 'हंगाम संपला की' एवढे शब्द मी गाळले. मापात पाप म्हणतात ते हेच. दुकानात कुणी गिऱ्हाईक काट्याखाली चुंबक लावून द्या म्हणालं तर मी त्याला पायरीवरून खाली उतरवतो. आणि घरी, तुझ्या आईला, मी माप मारून दिलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग डॉक्टरांना तारीख द्यायला सांगा." तारीख मिळाली आहे. येत्या मंगळवारी सकाळी. सोमवारी भरती व्हायचं.

तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्दही बोलत नाही. रागाने नव्हे. आवाज जपून ठेवतेय. तुझ्यासाठी. काही हवं असलं की भांड्यावर चमचा वाजवते. मी काही चुकीचं बोललो तर चमचा दोनदा वाजतो. काल शिंपीणबाई म्हणाल्या, "काटेवाले, तुमच्या घरात इतकी शांतता कधी नव्हती हो." मी म्हणालो, "सध्या माझ्या एकट्याचंच दुकान चालू आहे." हसायला कुणी नव्हतं.

मी बाहेर गेलो असं वाटलं की ती सराव करते. आज चप्पल घालून दाराबाहेर उभा राहिलो आणि ऐकलं. ती तुझी हाक म्हणून पाहत होती. 'गुं' येतो, 'ज' अडकतो. पुन्हा घेते. 'गुं'. सोनाराच्या काट्यावरचं सगळ्यात लहान वजन म्हणून मी तुला हे नाव दिलं होतं. जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस, की दुकानातल्या काट्याच्या पारड्यात मावलीस. तिला ते नाव आवडलं नव्हतं, म्हणाली होती, पोर आहे की बी. आता त्या एका अक्षरासाठी ती ओट्याला धरून उभी राहते.

तू विचारशील, वेलांटीचं काय. सांगतो, मग तुला काय समजायचं ते समज. शाळा माझी सातवीत सुटली. दुकानाची पहिली पाटी मी स्वतः रंगवली, त्यावर 'दुरूस्ती' लिहिलं, 'रु'ला दीर्घ उकार देऊन. एक मास्तर काटा घेऊन आले, पाटी वाचून हसले आणि चार लोकांत म्हणाले, "आधी पाटी दुरुस्त करा, मग काटे." पुढे गिऱ्हाईक नसताना पाटीमागे बसून मी ऱ्हस्व-दीर्घ शिकलो, कुणाच्या मदतीशिवाय. माझ्या पोरीला कुणी चार लोकांत असं हसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू नाववाल्याबद्दल लिहिलेलं पान मी खूप वेळा वाचलं. त्यावर काय लिहायचं ते मला सुचेना. तेवढ्यात 'आशिर्वाद'मधली पहिल्या वेलांटीची 'शि' दिसली. ती मला दुरुस्त करता येत होती.

तुझं ते दुसरं वाक्य तपासलं. पुस्तकात स्पष्ट दिलं आहे: धनेश वर्षानुवर्षं त्याच ढोलीत परत येतात.

हे पत्र धक्क्यावर जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. तो ते नाववाल्याच्या हातात देईल. हंगाम आहे हे मला कळतं. तरीही.

— बाबा


२४ तारीख, सोमवार
हॉस्पिटलच्या जिन्यात

चि. गुंज,

उत्तर नाही. कंडक्टर म्हणतो, पत्र त्याने नाववाल्याच्या हातातच दिलं, पण वर पाऊस होऊन नदी फुगली आहे, फेऱ्या थांबल्या आहेत. म्हणजे पत्र तुला मिळालं आणि तू आली नाहीस, की मिळालंच नाही, हे मला कळायला मार्ग नाही. माझ्यासारख्या माणसाला हे न कळणं किती जड जातं, ते तुला माहीत आहे. हे पत्रही त्याच कंडक्टरबरोबर पाठवतो. तू निघालीच असशील तर ते तुला वाटेत ओलांडून जाईल. जाऊ दे.

तुझ्या आईला खाट खिडकीजवळची मिळाली आहे. केस विंचरून, ती निळी साडी नेसून बसली आहे. नर्स म्हणाली, "आजी, आता झोपा." तिने मान हलवून दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टर सह्या घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "मुलगी येणार होती ना?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "येतेय, वाटेत आहे." तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच, ओळीखाली घसरलेलं. मी काही बोललो नाही.

सकाळी तिला आत नेतील. ती जाणार नाही. तू दिसली नाहीस तर ती स्ट्रेचरवर आडवी होणार नाही, मी तिला ओळखतो. आणि तिला कळेल की मी खोटं माप दिलं. मग माझ्या शब्दावर ती पुन्हा तारीख घेणार नाही. तोवर गाठ थांबून राहणार नाही. मी काय करू ते मला सुचत नाही. काटा डावीकडे झुकतोय की उजवीकडे, ते मी डोळे मिटून सांगत आलो. आज मला काहीच सांगता येत नाही.

तिला मी खोटं सांगितलं, ते खरं करणं फक्त तुझ्या हातात आहे. मी तुला कधी काही दुरुस्त करायला सांगितलं नाही. आज सांगतो. त्या नाववाल्यालाही घेऊन ये. नदीतून कसं यायचं ते त्याला कळेल. जो स्क्रू ओळीने मांडतो तो फुगलेल्या पाण्यात घाई करणार नाही.

तू म्हणशील, एवढं झालं तरी बाबा स्वतः येत नाहीत, पत्रंच पाठवतात. तिला सोडून मला जागचं हलता येत नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो आहे. इथून मोठं दार दिसतं. आत येणारा प्रत्येक माणूस मला आधी दिसतो. तू आत येशील तेव्हा दुसरं काही बोलू नकोस, फक्त 'मागचा?' असं विचार. मी आहे.

हे पत्र परत वाचून पाहिलेलं नाही. लाल पेन दुकानात ठेवून आलो.

तुम्हा दोघांना माझा आशिर्वाद.

— बाबा